नऊ खांब आणि एक सही

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. आत दोन कागद आहेत. एक हे पत्र, दुसरा वीज ऑफिसचा छापील अर्ज. अर्ज आधी बघू नकोस. लहानपणी तू गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचास आणि मी अर्ध्यात असताना सगळं फोडून टाकायचास. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. या वेळी तरी शहाण्यासारखा क्रमाने ये.

बातमी अशी की मी घर विकतेय. गुडघे बोलायला लागलेत, आणि खाणीकडून वर येणारा तो चढ दरवर्षी थोडा लांब होत चाललाय असं मला वाटतं. बाजाराजवळ दोन खोल्या बघितल्यात. खाली दुकानाचा गाळा, वर राहायचं. शिलाई मशीन खाली ठेवीन, म्हणजे गिऱ्हाइकांना चढ चढायला नको आणि मला उतरायला नको. महिनाअखेरीला दस्त आहे. आपलं घर घेणारी बाई इस्पितळात परिचारिका आहे, नवरा शाळेत चित्रकला शिकवतो. तो आल्या आल्या पश्चिमेच्या खिडकीत जाऊन उभा राहिला आणि उजेडाचं कौतुक करत बसला. ती मात्र भिंती ठोकून बघत होती, नळ सोडून बघत होती, कडीकोयंडे वाजवत होती. मला ती एकदम आवडली. बाबांनी रचलेली भिंत तिने तीन ठिकाणी ठोकली आणि म्हणाली, गवंडी हाताचा पक्का होता. मी म्हटलं, हो, डोक्याचाही पक्काच होता, फार पक्का.

तिनेच मला अडचणीत आणलं. विसारपावती लिहिताना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, घर सर्व हक्कांसह देतेय, मागे काही ठेवत नाही. तिने शांतपणे विचारलं, मीटरची अनामत कोणाची, पाण्याची कोणाची, आणि त्या विजेच्या खांबांचं काय? मी म्हटलं, खांबांचं काय असणार, उभे आहेत. चित्रकार हसला, पण ती हसली नाही. खाणीच्या वळणावर दोन प्लॉट सपाट करून ठेवलेत, ते तिने येतानाच हेरलं होतं. ती घरं झाली की आपल्याच लाइनवरून वीज घेणार, आणि त्यांचा वाटा घरमालकाला मिळणार, असा तिचा हिशोब. मी मान डोलावली. म्हटलं, घेऊन टाका, तेही तुमचं.

दोन दिवसांनी वकिलांनी मला बोलावून घेतलं आणि असं झापलं, की मी तुझ्या शाळेतल्या वयाची झाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मीटरची अनामत बाबांच्या नावावर, ती वारस म्हणून मला मिळते. पाण्याचंही तसंच. पण रस्त्यावरची लाइन ज्याने स्वतःच्या खर्चाने ओढून घेतली, त्याचा वीज ऑफिसशी वेगळा करार असतो. पुढे पंधरा वर्षं त्या लाइनवरून जो कोणी कनेक्शन घेईल, त्याच्याकडून थोडा वाटा घेऊन तो त्या पहिल्या माणसाला परत द्यायचा. हा परतीचा हक्क घराला चिकटलेला नसतो, तो माणसाला चिकटलेला असतो. घराबरोबर दारं जातात, खिडक्या जातात, पत्रेसुद्धा जातात, पण हा जात नाही. करारावर ज्याची सही आहे, त्याने लिहून दिला तरच तो दुसऱ्याचा होतो. आणि तिथे सही तुझी आहे. म्हणजे तुझी वस्तू मी तुला न विचारता देऊन बसले होते. ही माझी जुनी खोड. त्याबद्दल पुढे लिहिते, आत्ता लिहायला घेतलं तर पत्र इथेच थांबेल.

वकिलांकडून परत येताना मी चढावर प्रत्येक खांबापाशी दम खायला थांबले. नऊ खांब, नऊ विश्रांत्या. तू खड्डे खणलेस ते दिवस आठवले. बावीस वर्षांचा होतास, तीन वर्षं वायरमनच्या हाताखाली राबून साठवलेले सगळे पैसे तू त्या ऑफिसात नेऊन भरलेस आणि घरी येऊन सांगितलंस, महिन्याभरात दिवे लागतील. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. जमीन स्वस्त म्हणून त्यांनी या टोकाला घर बांधलं होतं, आणि इथे वीज कधीच येणार नाही हेही त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. मुलाने ते खोटं पाडलं, याचा आनंद कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, म्हणून ते रागावले. दिवा लागला त्या दिवशी तू बटण दाबलंस, खोली लख्ख झाली, आणि बाबांनी कोपऱ्यातला कंदील काही विझवला नाही. आठवडाभर बल्बखाली कंदील जळत होता. आपण दोघं स्वयंपाकघरात जाऊन तोंड दाबून हसायचो. तसं हसायला मला नंतर कोणी मिळालं नाही, धाकट्या. एकटं हसता येतं, पण तोंड दाबून हसायला समोर दुसरं माणूस लागतं.

तुझ्या लाइनवर आता सहा घरं आहेत, तुला माहीत नसेल. पहिल्यांदा रोपवाटिकेच्या बाई आल्या, ते तू घर सोडायच्या आधीच. मग गॅरेजवाले दोघे भाऊ, ते आधी एका घरात होते, भांडून दोन घरांत गेले, म्हणजे तेवढाच तुझा फायदा. मग कोंबड्यांवाला. मग ती पियानो शिकवणारी म्हातारी, तिच्याकडे शिकायला कोणी येत नाही, पण रोज संध्याकाळी ती वाजवते आणि वारा इकडचा असला की आम्हाला ऐकू येतं. शेवटचा सुतार, बाबा गेले त्याच्या आदल्या वर्षी आला. दिवेलागणीला बाबा पायरीवर येऊन बसायचे आणि खालच्या खिडक्या मोजायचे. तू गेलास त्या दुपारनंतर तुझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. पण नवीन खिडकी उजळली की आत वळून मला सांगायचे, खांबवाल्याचं आणखी एक गिऱ्हाईक आलं. शेवटच्या वर्षी त्यांना दिसेनासं झालं, तेव्हाही पायरीवर बसायचेच. मला विचारायचे, किती? मी सांगायचे, सहा. एकदा गॅरेजवाल्यांचा फ्यूज गेला होता आणि चारच खिडक्या दिसत होत्या. तरी मी सहाच सांगितलं.

घर त्यांनी माझ्या नावावर करून दिलं, हे तुला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगितलं असेल. वकिलासमोर ते एवढंच बोलले होते, घर हिचं, खांब त्याचे. मला तेव्हा वाटलं, म्हातारा भ्रमात बोलतोय. आता वकिलांनी कायदा समजावल्यावर कळतं, की बाबांना तो आधीपासून माहीत होता. ते गेल्याचं मी तुझ्या जुन्या पत्त्यावर कळवलं होतं, ते पत्र परत आलं. दोन महिन्यांनी, कुणाकडून तरी तुला कळलं असणार, तुझी मनिऑर्डर आली. मजकुराच्या जागी एकच शब्द, खर्चासाठी. ती पावती मी मशीनच्या खणात ठेवली आहे, बॉबिन आणि खडूच्या शेजारी. हा पत्ता तिच्यावरूनच घेतला. त्या एका शब्दाकडे मी किती वेळा बघितलं असेल, ते तुला सांगितलं तर तू मला वेड्यात काढशील. तुझा 'ख' अजून तसाच आहे, पोट सुटलेला.

अक्षरावरून आठवलं. गणितात नापास झालास की तू प्रगतिपुस्तक माझ्या पुढ्यात टाकायचास, आणि मी बाबांची सही ठोकून द्यायचे. मास्तरांना कधी संशय आला नाही. तुला मात्र यायचा. तू म्हणायचास, ताई, बाबा सहीखाली रेघ मारत नाहीत, तू मारतेस, एक दिवस त्या रेघेने पकडली जाशील. मला ते ठाऊक होतं, पण हाताला सवय होती. शिवण संपली की टीप पक्की करायला आपण दोन टाके उलटे मारतो, तसंच काहीसं. सही संपली की हात आपोआप मागे यायचा आणि रेघ मारायचा. चौथीपासून आठवीपर्यंत मी तुला पास करू शकले नाही, पण नापास झाल्याचं घरी कळूही दिलं नाही. तेव्हा मला वाटायचं, थोरल्या बहिणीचं काम हेच असतं.

मागच्या मंगळवारी वीज ऑफिसात गेले. तीच इमारत, तोच जिना, फक्त खिडकीमागे आता एक तरुण बाई बसते, गळ्यात चष्म्याची दोरी. तिने तुझ्या कराराची फाइल शोधून काढली, फुंकर मारली, आणि मला म्हणाली, अहो, तुमच्या भावाचे पाच वेळचे पैसे इथे पडून आहेत. पहिल्या घराचे तेवढे दिले गेलेत. त्यानंतर अर्जदाराने स्वतःच लिहून दिलंय, माझ्या लेखी संमतीशिवाय रक्कम कोणालाही देऊ नये. असं म्हणून तिने फाइल माझ्याकडे वळवली. चौदा वर्षांनी मी तुझं अख्खं पान भरून अक्षर बघितलं, धाकट्या. मजकूर काय आहे ते वाचायलाच मला वेळ लागला. तू लिहिलं होतंस, पहिली रक्कम माझ्या गैरहजेरीत उचलली गेली आहे, मात्र माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही, चौकशी करू नये. त्या बाईने विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाही का, पाणी देऊ का? त्या कागदाला आणखी एक कागद टाचलेला होता. त्याचं शेवटी सांगते.

तिने मला दोन अर्ज दिले. हक्क खरेदीदाराला द्यायचा असेल तर एक, स्वतःकडे ठेवायचा असेल तर दुसरा. म्हणाली, भाऊ लांब असेल तर पोस्टाने सही मागवा, आम्हाला चालतं. आणि मी घरी आले. परिचारिकेला शब्द दिलेला, विसार घेतलेला, नव्या खोल्यांचे पैसे त्यातूनच भरायचे. मी टेबलाशी बसले आणि एका कोऱ्या कागदावर तुझं नाव लिहून बघितलं. सहज, नुसतं हात चालतो का बघायला. हात चालला. इतका चालला, की तू स्वतः केली असतीस तर एवढी चांगली झाली नसती. पहिला अर्ज शेजारीच पडला होता. दोन मिनिटांचं काम. दस्त होऊन गेला असता, तुला कधी कळलं नसतं, हे पत्रही लिहावं लागलं नसतं. मग मी कागदाकडे नीट बघितलं. सहीखाली रेघ होती. मी ती कधी मारली, मला कळलंसुद्धा नव्हतं.

तो कागद मी चुलीत घातला आणि दुसऱ्या दिवशी परिचारिकेकडे जाऊन सांगितलं, खांब माझे नाहीत, मी खोटं बोलले, विसार परत हवा तर घ्या. तिने विसारपावती काढून पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, ज्याचं आहे त्यालाच राहू दे, मला दिवा लागल्याशी मतलब. दस्तात आता तसं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे विक्रीसाठी तुझ्या सहीची गरज नाही. पाकिटात आहे तो दुसरा अर्ज. तो फक्त तुझा आहे, अडकलेले पैसे सोडवायला, आणि राहिलेल्या वर्षभरात या रस्त्यावर नवा दिवा लागला तर कुठे कळवायचं ते सांगायला.

आता ती जुनी खोड. तू चार महिन्यांसाठी लाइन टाकायच्या कामावर गेला होतास. रोपवाटिकेच्या बाईंनी कनेक्शन घेतलं आणि तुझ्या नावाने चिठ्ठी आली, तीस दिवसांत सही करून रक्कम न्यावी. त्याच आठवड्यात गणवेश शिवून घेणारा कारखानदार मला म्हणाला होता, मोटरचं मशीन असेल तर वर्षभराचं काम देतो, पायाच्या मशीनला देत नाही. घरात वीज तू आणली होतीस, मोटर तेवढी नव्हती. मी स्वतःला सांगितलं, तू यायच्या आत परत ठेवीन. तुझ्या नावाची सही केली, पैसे आणले, मोटर बसवली, बाबांना सांगितलं हप्त्यावर घेतली. तू मात्र दीड महिन्यातच आलास, कारण तंत्रशाळेत तुझा नंबर लागला होता आणि फीची मुदत त्या शुक्रवारी संपत होती. त्याच पैशांवर तू भरवसा ठेवला होतास. ते मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर घेतले नसते, असं लिहायला मला आवडेल. पण खात्री नाही. ती मोटर मला फार हवी होती.

दुपारची वेळ होती. तू दारात उभा राहून विचारलंस, माझे पैसे कोणी घेतले? मी मशीनवर होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग मोटरकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. ते म्हणाले, मी घेतले. तू एवढंच म्हणालास, बरं. आणि अजूनही दारातच उभा राहिलास, जसं काही आणखी कोणी बोलायचं बाकी आहे. मी पेडलवर पाय दाबला. मोटरचा आवाज झाला, तो मी बाही संपेपर्यंत थांबवला नाही. मान वर केली तेव्हा दार रिकामं होतं. बाबांनी मला त्यावर कधी एक शब्द ऐकवला नाही. फक्त एकदा म्हणाले, बापावर चिडलेला मुलगा परत येतो, बहिणीवर चिडला तर तिला कोण राहतं? म्हणून त्यांनी ते अंगावर घेतलं. आणि चौदा वर्षं मी समजत राहिले, की तू बाबांवर रागावून गेलास, आणि मी नुसती वाट बघायची आहे.

फाइलमधला दुसरा कागद म्हणजे मी सही केलेली पावती. रेघेसकट. आणि तुझ्या अर्जाच्या कडेला त्या वेळच्या कारकुनाने लिहून ठेवलंय, अर्जदारास पावती दाखवली, सकाळी अकरा. तू घरी आलास तो त्याच दिवशी दुपारी. म्हणजे दारात उभा राहून तू प्रश्न विचारलास, तेव्हा तुला उत्तर माहीत होतं. तू बाबांना विचारत नव्हतास. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास, मी बोलेन म्हणून. पैशांसाठी तू गेला नाहीस, मी गप्प बसले म्हणून गेलास, आणि हे मला मागच्या मंगळवारी एका अनोळखी बाईच्या खिडकीपाशी कळलं. म्हणून हे पत्र. घर, दस्त, खांब, सगळी निमित्तं. तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं, ते आता लिहिते. पैसे मी घेतले, धाकट्या. बाबांनी नाही, मी. बाबांना तू मनातून सोडलं असशील, नसशील तर सोड. माझं काय करायचं ते तू ठरव. किल्ल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी द्यायच्या आहेत, तोवर मी रोज दिवेलागणीला पायरीवर असते. आलास तर चढावर नऊ ठिकाणी दम खायला जागा आहे, आणि ती तुझीच आहे. नाही आलास तर अर्ज तेवढा पाठव. तुझं नाव आणि कराराचा नंबर मी भरून ठेवला आहे. सहीची जागा कोरी आहे. तिच्याखालीही मी काही ओढलेलं नाही.

तुझीच,
ताई